मिशिगनमधली आवराआवर

अमेरिकेला जाऊन आलेल्या माणसाने नायगाराचे वर्णन करावे, अशी आपल्याकडे अपेक्षा असते. नायगारा मीही पाहिला. पण त्यावर इतक्यांनी लिहून ठेवले आहे की त्यात माझी ओंजळभर भर नको. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तीन आठवडे मी मिशिगन राज्यात अक्काकडे राहिलो होतो. तिथे मला रमवले ते हिवाळ्याआधी गावभर चाललेल्या आवराआवरीने. बागेतले रबरी पाइप नळावरून काढून गुंडाळले जात होते. सरोवरातल्या होड्या बाहेर येऊन अंगणात उपड्या पडत होत्या. गवत कापायच्या यंत्रातले उरलेसुरले पेट्रोल संपवले जात होते. मे महिन्याच्या अखेरीस खानापूर-जांबोटीकडच्या एखाद्या खेड्यात जावे, तर कौलांची शाकारणी, गवताच्या गंजीवर झाकण, पडवीत रचलेली लाकडे नि शेणी, असेच दृश्य दिसते. आपल्याला धास्ती पावसाची, त्यांना बर्फाची, एवढाच फरक.

गावाचे नाव कॅलमझू. मिशिगनचा खालचा भाग नकाशात हाताच्या पंजासारखा दिसतो. त्या पंजाच्या डाव्या बाजूला, मनगटाच्या थोडेसे वर, शिकागो आणि डेट्रॉइट यांच्या साधारण मधोमध हे गाव आहे. करोनाच्या काळात फायझरच्या लशीचे पहिले ट्रक १३ डिसेंबर २०२० रोजी बाहेर पडले ते याच गावाला लागून असलेल्या पोर्टेजमधल्या कारखान्यातून. औषधांचे गाव म्हणूनच ते ओळखले जाते. आमचे दाजीही औषधांतलेच रसायनतज्ज्ञ. ते मूळचे धारवाडचे, त्यामुळे अक्काच्या घरात सकाळी कन्नड, दुपारी मराठी आणि टेलिफोनवर इंग्रजी असा कारभार चालतो. मुलगा नि मुलगी दोघांनाही तिन्ही भाषा कळतात, बोलताना मात्र ती कोणत्या वाक्यात कोणती भाषा घालतील याचा नेम नसतो. बेळगावच्या माणसाला यात नवल वाटण्याचे कारण नाही.

त्यांच्या गॅरेजच्या बाजूला एक पॉप-अप कॅम्पर उभा होता. हा प्रकार आपल्याकडे नसल्याने थोडे सांगायला हवे. बंद असताना ही गाडी म्हणजे दोन चाकांवरची, छातीपर्यंतही न येणारी पेटी. तिला इंजिन नाही. मोटारीच्या मागच्या हुकाला जोडून ओढत न्यायची. मुक्कामाच्या जागी पोहोचले की पुढचे हँडल फिरवायचे. चार कोपऱ्यांतले खांब, एका नळीतून दुसरी नळी निघावी तसे वर सरकतात आणि छप्पर उचलले जाते. मग दोन्ही टोकांचे पलंग ड्रॉवरसारखे बाहेर ओढायचे, त्यांच्याभोवती कॅनव्हासच्या भिंती ताणायच्या. पायाखाली पक्की जमीन, डोक्यावर टणक छप्पर आणि मध्ये तंबू. आत लहानसे सिंक, गॅसची शेगडी, टेबल आणि सहा माणसांची झोपायची सोय. अक्काचा कॅम्पर कोलमन नावाचा, पेनसिल्व्हेनियातल्या समरसेट गावी १९९९ साली तयार झालेला. २००६ मध्ये त्यांनी तो कुणाचा तरी वापरलेला घेतला, तेव्हा भाची सात वर्षांची होती आणि भाचा चार.

अमेरिकेतल्या अशा फिरत्या घरांपैकी बहुतेक घरे जिथे बनतात ते एल्कहार्ट गाव कॅलमझूहून दक्षिणेला, इंडियाना राज्यात, मोटारीने तासाभरावर आहे. तिथे या गाड्यांचे संग्रहालय आहे. १९१३ ची एक जुनी गाडी तिथे ठेवली आहे, बाहेरून अगदी लाकडी कपाट दिसते. गंमत अशी की त्या भागात आमिश पंथाचे लोक बरेच. मोटार बाळगायची नाही, घोड्याच्या बग्गीतून फिरायचे, असा त्यांचा दंडक आणि या गाड्यांच्या कारखान्यांतले कितीतरी कुशल हात मात्र त्यांचेच. रस्त्याने जाताना बग्गी आणि तिच्या मागे-पुढे नव्या कोऱ्या फिरत्या घरांची रांग, असे दोन्ही एकदम दिसते.

पण अक्काची गाडी तिथवर कधी गेली नाही. तिची वाट उत्तरेची. कॅलमझूपासून अडीच तासांवर मिशिगन सरोवराच्या काठी लडिंग्टन नावाचे गाव आहे. तिथल्या सरकारी उद्यानात एका बाजूला समुद्रासारखे मोठे सरोवर, दुसऱ्या बाजूला हॅम्लिन नावाचा शांत तलाव आणि मध्ये वाळूच्या टेकड्या. त्या वाळूतून चालत गेले की १८६७ सालचा दीपगृहाचा मनोरा लागतो. दर उन्हाळ्यात चार-पाच दिवस हा कुटुंबाचा तळ तिथे पडे. जाताना अक्का धारवाडी पद्धतीच्या कडक भाकऱ्या, शेंगाचटणी आणि दह्याचा डबा घेई. ज्वारीची कडक भाकरी महिनाभर टिकते, तिला फ्रीज लागत नाही. तंबूत राहणाऱ्या माणसासाठी याहून चांगले अन्न अमेरिकेतही निघालेले नाही, असे दाजींचे मत आहे आणि मला ते पटते.

मी गेलो त्या वर्षी मात्र हा कॅम्पर विकायचा, असे अक्काने ठरवले होते. मुलगी सिॲटलला, मुलगा बॉस्टनला. दोन माणसांसाठी सहा जणांची गाडी ओढत नेण्यात काय अर्थ, हा तिचा पहिला मुद्दा. हिवाळ्यात ठेवायला भाडे भरावे लागते, हा दुसरा. आदल्या वर्षी दाजींच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती, हा तिसरा आणि खरा. यावर दाजी दर वेळी एकच शब्द बोलत, "नोडोण." बघू या, असा त्याचा अर्थ. कर्नाटकातल्या कोणत्याही कचेरीत गेलेल्या माणसाला हे 'बघू या' किती लांबते ते ठाऊक आहे.

शनिवारी सकाळी ऊन पडले. गुरुवार-शुक्रवार पाऊस होता. ओला कॅनव्हास घडी घालून ठेवला तर त्यावर काळे ठिपके पडतात आणि ते पुन्हा जात नाहीत. जुलैत कपाटातल्या जरीच्या साड्यांना बुरशी लागलेली पाहणाऱ्या आपल्या आया-बहिणींना हे वेगळे सांगायला नको. म्हणून आधी गाडी पूर्ण उघडून वाळवायची. मी हँडल फिरवू लागलो, तसे दाजी चारही खांबांकडे पाहत गाडीभोवती फिरू लागले. "सावकाश माडरी, सर!" 'सावकाश' हा शब्द धारवाडच्या कन्नडातही जशाच्या तसा आहे, त्यामुळे भाषांतराची गरज पडली नाही. एक खांब अडला आणि आपण जोर लावला, तर आतली पोलादी दोरी तुटते. आणि ती बदलणे हे मोठे काम.

गाडी अशी पूर्ण उघडी असतानाच गिऱ्हाईक आले. त्याच रस्त्यावर नव्याने राहायला आलेले तरुण जोडपे, सोबत दोन-तीन वर्षांची मुलगी. मुलगी आत शिरून लगेच पलंगावर उड्या मारू लागली. अक्काला वाटले, झाले काम. पण दाजींनी त्यांना गाडी दाखवली ती अशी : "हा उजवीकडचा मागचा खांब नेहमी अर्धा इंच मागे राहतो. इथे कॅनव्हासला ठिगळ आहे. इथे २०१४ मध्ये छपरातून पाणी आले होते, मी जोड पुन्हा भरला आहे." मग वाकून टायरवरचे आकडे दाखवले. टायरच्या कडेला कोरलेल्या मजकुराच्या शेवटी चार आकडे असतात, त्यातले पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. या टायरवर ३२१६ होते, म्हणजे २०१६ च्या बत्तिसाव्या आठवड्यात तो बनला. "सात वर्षे झाली, हे बदलावे लागतील," असे दाजींनी स्वतःच सांगून टाकले. त्या बिचाऱ्याने टायरची नक्षी चांगली आहे असे म्हटले, तर नक्षी शाबूत असली तरी रबर आतून म्हातारे होते, हे त्यांनी त्याला समजावून दिले. वसंतात पुन्हा बोलू, असे सांगून जोडपे गेले. अक्का दारात उभी राहून सगळे ऐकत होती. "माल विकायला ठेवलाय की पंचनामा करताय?" एवढेच ती म्हणाली आणि आत गेली.

दुपारी खरी कामे सुरू झाली. पहिले पाण्याचे. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते, हे आपण शाळेत शिकतो नि विसरतो. मिशिगनमध्ये ते विसरून चालत नाही. नळात किंवा पंपात वाटीभर पाणी राहिले तरी जानेवारीत ते पितळेला तडा देते. टाकी रिकामी केली, नळ उघडे ठेवले, तरी पाइपच्या वाकणात पाणी राहतेच. म्हणून पंपाची नळी टाकीतून काढून एका डब्यात बुडवायची. त्या डब्यात असते गुलाबी रंगाचे न गोठणारे पाणी, त्याला तिथे अँटिफ्रीझ म्हणतात. नळातून गुलाबी धार येईपर्यंत पंप चालवायचा आणि शेवटी पेलाभर सिंकच्या खालच्या वाकड्या पाइपात ओतायचे.

मोटारीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते बहुधा हिरवे अँटिफ्रीझ मात्र इथे चुकूनही वापरायचे नसते. ते एथिलिन ग्लायकॉल, गोडसर आणि विषारी. गुलाबी असते ते प्रॉपिलिन ग्लायकॉल, जे औषधांच्या सिरपमध्येही वापरले जाते. इथे दाजी काम थांबवून पाचेक मिनिटे बोलले. २०२२ मध्ये आफ्रिकेतल्या गाम्बिया देशात खोकल्याच्या औषधाने बरीच लहान मुले दगावली. त्या औषधांत एथिलिन आणि डायएथिलिन ग्लायकॉल सापडले होते आणि ती भारतात बनलेली होती. आयुष्यभर औषधाच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या माणसाला ते किती लागले होते, हे त्यांच्या आवाजावरून कळत होते. हातातला गुलाबी डबा त्यांनी उजेडात धरून त्यावरचा बारीक मजकूर पुन्हा एकदा वाचला.

दुसरे मोठे काम उंदरांचे. थंडी पडली की रानातला उंदीर ऊब शोधत येतो, त्याला बोट जाईल एवढी फट पुरते. कॅनव्हास कुरतडून तो त्याचेच घरटे करतो. तेव्हा गाडीतला खाण्याचा कण न् कण झाडून काढायचा, गाद्या-उशा घरात न्यायच्या आणि तळाला जिथे वायर किंवा पाइप आत येतो तिथल्या फटीत तारेची घासणी कोंबायची. ती त्याला चावता येत नाही. डांबर गोळ्या टाकाव्यात असे मी सुचवले. आपल्याकडे ट्रंकेत तेच तर चालते. पण तो वास कॅनव्हासमध्ये भरला की पुढच्या उन्हाळ्यात डांबर गोळीच्या आत झोपल्यासारखे वाटते म्हणे. झाडताना पलंगाखाली एक क्रिकेटचा चेंडू, 'अमर चित्रकथा'तले एक फाटके पान आणि वाळूने भरलेला लहान मुलाचा बूट निघाला. दाजींनी तिन्ही वस्तू पुसून खोबणीत परत ठेवल्या. काही बोलले नाहीत.

बाकीची कामे भराभर झाली. बॅटरी काढून पूर्ण चार्ज करून तळघरात ठेवली. भरलेली बॅटरी कडाक्याच्या थंडीतही सहसा गोठत नाही, रिकामी मात्र गोठून फुटते. गॅसचा सिलिंडर सोडवून घराबाहेर उघड्यावर ठेवला. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साठतो, म्हणून तो गॅरेजमध्ये किंवा घरात ठेवायचा नसतो. खांबांवर सिलिकॉनचा फवारा मारला. तेल लावले तर धूळ चिकटते. लहान फ्रीजचे दार लाकडाचा तुकडा अडकवून उघडेच ठेवले.

ठिगळ उसवले होते. अक्काने सुई-दोरा आणला. मी म्हटले, "विकायचीय ना?" तर म्हणाली, "विकताना फाटकी द्यायची होय रे?" आणि जाड दोऱ्याने, दाताखाली दोरा तोडत, तासभर शिवत बसली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, खंडेनवमी करून घेतली. पंचांगाप्रमाणे ती सोमवारी होती. पण तिथले बरेच सण शनिवार-रविवारला सरकतात. आपल्याकडे त्या दिवशी बसपासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्यांना झेंडूच्या माळा पडतात. तिथे झेंडू मिळाला. कोहळा नव्हता, पण हॅलोविनचा महिना असल्याने नारिंगी भोपळ्यांचे ढीग प्रत्येक दुकानापुढे होते. त्यातलाच एक आणून, हळद-कुंकू लावून, दाजींनी मोटारीपुढे आणि मग कॅम्परपुढे फोडला. शेजारच्या आजीबाई कुंपणापलीकडून पाहत होत्या. त्यांना यात विशेष वाटले नाही. त्यांच्या स्वतःच्या दारात तसल्याच भोपळ्याला डोळे कोरून ठेवले होते.

मंगळवारी गाडी पोहोचवायची होती. कॅम्पर अंगणातही ठेवता येतो, पण छपरावर साचलेला बर्फ वारंवार झाडावा लागतो. मिशिगन सरोवरावरून येणारे गार वारे वाटेत बाष्प उचलून त्याचा बर्फ या भागावर ओततात. गुडघ्याच्या माणसाने शिडी चढून तो झाडायचा, हे अक्काला मान्य नव्हते. नुसते प्लास्टिकचे कापड टाकले तर आत दमट होऊन बुरशी येते. म्हणून भाड्याची जागा. आणि ही जागा मला त्या प्रवासातली सर्वांत आवडली.

तिकडे जिल्ह्याजिल्ह्यात उन्हाळ्यात शेतकऱ्यांची जत्रा भरते. गाई, डुकरे, कोंबड्या यांची प्रदर्शने, बक्षिसे, पाळणे, सगळे काही. आपल्या सौंदत्तीच्या जत्रेसारखी देवाची नव्हे, तर गुरांच्या बाजारासारखी. त्यासाठी कायम बांधलेले लांबच लांब गोठे असतात. जत्रा संपली की ते रिकामे. मग ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत त्याच गोठ्यांत होड्या आणि कॅम्पर भाड्याने ठेवतात. भाडे लांबीप्रमाणे, फुटावर. एक माणूस खुणा करत गाडी मागे-मागे घेतो आणि एकाला एक चिकटून अशा ओळी लावतो की मधली एखादी गाडी हिवाळ्यात काढायची म्हटली तर काढताच येणार नाही. सिलिंडर असेल तर आत प्रवेश नाही. त्याने आमच्या पुढच्या कप्प्याचे झाकण उघडून पाहिले, मगच होकार दिला. चाकांखाली फळ्या सरकवल्या. गोठ्याच्या खांबावर अजून गाईंच्या नावांच्या पाट्या होत्या. आमची गाडी उभी राहिली ती डेझी नावाच्या गाईच्या जागेवर.

त्या दिवशी दसरा होता. "सीमोल्लंघन आयतु," दाजी म्हणाले. जिल्ह्याची हद्द काही आम्ही ओलांडली नव्हती. पण बेळगावच्या माणसाने सीमेबद्दल वाद घालू नये, म्हणून मी गप्प बसलो. आपटा नाही, बन्नी नाही. अक्काने मैदानाच्या कडेची मेपलची पिवळीधमक पाने वेचली आणि दोघांच्या हातावर ठेवली. मग खिडकीतल्या बाईकडे सहा महिन्यांचे भाडे तिनेच भरले. पावती पर्समध्ये ठेवताना तिने गाडी परत न्यायची एप्रिलमधली तारीख दोनदा विचारून घेतली.

पुढचे मला टेलिफोनवर कळले. २०२४ च्या एप्रिलमध्ये गाडी निघाली ती धड. एका कोपऱ्यात उंदराच्या लेंड्या होत्या, कॅनव्हास मात्र शाबूत. नळ सोडल्यावर आधी गुलाबी पाणी आले, नंतर स्वच्छ. दाजींनी टायर बदलले. जूनमध्ये भाची-भाचा दोघेही आले आणि चौघे लडिंग्टनला चार दिवस राहून आले. भाच्याला पलंग आता अपुरा पडतो, पाय कॅनव्हासला लागतात. सप्टेंबरमध्ये त्याच रस्त्यावरच्या जोडप्याने ती घेतली. पैसे किती घेतले ते अक्काने सांगितले नाही, त्यावरून फार घेतले नसावेत. खोबणीतला चेंडू दाजींनी काढून घेतला. बूट आणि चित्रकथेचे पान अक्काने आधीच काढले होते.

ऑक्टोबरमध्ये मी फोन केला तेव्हा दाजी घरी नव्हते. गुलाबी पाण्याचे दोन डबे घेऊन ते चार घरे पलीकडे गेले होते. "ती मुलं टाकीतलं पाणी सोडायला विसरतील म्हणे," अक्का म्हणाली. "सकाळी नऊला गेलेत. जेवायला येतील की नाही कोण जाणे."